सराफ्याची डावी बाजू

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. सकाळी दाढी करता करता डॉक्टर रघुनाथरावांच्या हातून वस्तरा पडला आणि पाठोपाठ तेही पडले. इंदरगंजच्या चौकात बावीस वर्षांचा दवाखाना, अर्ध्या लष्कर शहराची नाडी त्यांच्या बोटांखालून गेलेली. पण त्या दिवशी त्यांची नाडी बघायला दुसऱ्या डॉक्टरला बोलवावं लागलं.

दिनकररावांना ही खबर कॉलेजात कळली. ते मुलांना तत्त्वज्ञान शिकवत. खडू हातात तसाच घेऊन ते टांग्यात बसले आणि शिंद्यांच्या छावणीपर्यंत टांगेवाल्याला "जल्दी, भैया, जल्दी" एवढंच म्हणत राहिले.

रघुनाथराव आणि दिनकरराव सराफ्यातल्या एकाच गल्लीत वाढले होते. आता दोघांची घरं छावणीत, चार दारं सोडून. पन्नाशीला आलेले हे दोन गृहस्थ एकमेकांना अजून रघू आणि दिनू म्हणत आणि दर रविवारी सकाळी रघुनाथरावांच्या ओसरीवर चहा घेत भांडत. भांडण एकच, एकोणीस वर्षं पुरलेलं.

दिनकररावांचं म्हणणं असं, की मन हे शरीराच्या जातीचं असूच शकत नाही. "माणसाची कवटी केवढी? नारळाएवढी. आणि आत काय मावतं? एक, दोन, तीन मोजत निघालो तर आकडे संपणार नाहीत, हे मला इथं बसल्या जागी कळतं. अनंत कळतं! नारळात अनंत मावेल का? मग ज्यात मावतं, ते नारळातलं नव्हे."

रघुनाथराव बशीत चहा ओतत म्हणत, "अनंत ही तीन अक्षरं आहेत, दिनू. नारळात आरामात मावतात. तू अनंत पाहिलेलं नाहीस. तू फक्त 'आणखी एक, आणखी एक' म्हणतोस आणि दमलास की त्याला अनंत नाव देतोस. मन म्हणजे मेंदूचा धंदा. मेंदू बंद, दुकान बंद."

कुमुदिनी, रघुनाथरावांच्या पत्नी, दाराशी पान लावत ऐकत आणि म्हणत, "दोघांचंही दुकान आता बंद करा, ताटं घेतली आहेत."

अर्धांगाच्या त्या झटक्यानंतर पहिले काही दिवस दिनकररावांचा जीव टांगणीला लागला होता. पण रघुनाथराव सावरले. वाचा पहिल्या दिवसापासून शाबूत, जिभेची धारही तशीच. डावा हात जरा आळसावलेला, डावा पाय थोडा ओढत. काठी घेऊन ते ओसरीवर येऊन बसू लागले. तीन आठवड्यांनी एका गुरुवारी संध्याकाळी दिनकररावांना राहवलं नाही. ते म्हणाले, "बघ रघू, मेंदूला केवढा मार बसला. पण तू आहेस तसाच आहेस, अख्खा. मन मेंदूचंच असतं तर तुझा काहीतरी तुकडा पडायला हवा होता."

रघुनाथराव हसले. "एका रोग्यावरून सिद्धांत मांडू नये, प्रोफेसर." मग मान वर करून त्यांनी हाक मारली, "अगं, कुठं गेलीस? दिनूला चहा तरी दे."

दिनकररावांना वाटलं, थट्टा करतोय. कारण कुमुदिनी तिथंच बसलेल्या होत्या. नवऱ्याच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर, मांडीवर पानाचा डबा घेऊन.

"कुमुदिनी!" रघुनाथरावांनी पुन्हा हाक मारली. त्यांची नजर दारापासून उजव्या भिंतीपर्यंत फिरली आणि थांबली. "ही बाई हल्ली सारखी कुठं जाते कोण जाणे."

कुमुदिनींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या डबा खाली ठेवून उठल्या, नवऱ्याच्या पाठीमागून वळसा घालून उजवीकडे आल्या आणि म्हणाल्या, "आले. आत होते."

"बरं झालं. चहा टाक."

दिनकररावांच्या ओठांवर आलेलं हसू तिथंच वाळलं.

निघताना कुमुदिनी अंगणाच्या फाटकापर्यंत आल्या. "भावोजी, पाहिलंत ना? तीन आठवडे हेच चाललंय. ताटातलं उजवीकडचं जेवतात आणि डावीकडची भाजी, कोशिंबीर तशीच. वर म्हणतात, आज भाजी केलीच नाहीस. मी ताट फिरवून ठेवलं की म्हणतात, ही कुठून आली? दाढी करतात ती एकाच गालाची, दुसऱ्या गालाला चार-आठ दिवसांनी न्हावी बोलवावा लागतो. वर्तमानपत्र वाचतात आणि संतापतात, म्हणतात संपादक वेडे झालेत, वाक्याला शेंडाबुडखा नाही. ओळीचं शेवटचं टोक तेवढं वाचतात, दुसरं काय होणार?"

"तुम्ही सांगितलं नाही त्याला?"

"दहादा सांगितलं. हसतात. 'मला सगळं तर दिसतंय' म्हणतात." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "लग्नात गुरुजींनी डाव्या हाताला बसवलं, तेव्हापासून तिथंच बसत आले मी. आता तिथं बसले की मी नसतेच, भावोजी."

दिनकररावांनी फाटकाची कडी उगाच काढली आणि पुन्हा घातली.

"त्याचंही मी सोसेन. पण हे सोमवारी दवाखाना उघडायचा म्हणताहेत. परवा शेजारची वनमाला खोकला दाखवायला आली. पाठीला नळी लावली ती उजवीकडेच, आणि 'छाती स्वच्छ आहे' म्हणाले. मला चैन पडेना. तिला दुसऱ्या डॉक्टरांकडे धाडली, तर डाव्या फुप्फुसात न्यूमोनिया निघाला. ह्यांच्या हातून कुणाचा जीव गेला, तर हे कळल्यावर जगायचे नाहीत. तुमचं ऐकतात. तुम्ही काहीतरी करा."

दिनकरराव घरी आले. जेवायला बसले आणि आपल्या ताटाच्या डाव्या बाजूकडे बघत राहिले. भाजी होती, लोणचं होतं. मग एकाएकी त्यांना हायसं वाटलं. डोळे! रघूच्या डोळ्यांत दोष आला असणार. खिडकीच्या एका तावदानावर काजळी धरली म्हणून घरात बसलेला माणूस काही अर्धा होत नाही. मन आत अख्खंच आहे. आणि ते दाखवून देणं सोपं आहे: डोळे मिटायला लावायचे.

शुक्रवारी सकाळी ते कागद-पेन्सिल घेऊन गेले. रघुनाथराव खाटेवर उशाला टेकून पडले होते.

"रघू, डोळे मीट आणि एक खेळ खेळ. तू बाड्यावर, चौकात, उभा आहेस. आता सराफ्यात शीर आणि चालत जा. दोन्ही बाजूंना कुणाकुणाची दुकानं आहेत ते सांगत चल. पाहू तुझी याददाश्त."

"मला विचारतोस? डोक्यावर टोपी यायच्या आधीपासून हिंडतोय मी त्या गल्लीत." रघुनाथरावांनी डोळे मिटले. चेहरा एकदम लहान मुलासारखा निवळला. "पहिला चंपालाल. त्याच्या गादीवर मांजर झोपलेलं असतं. मग घासीराम, मोत्यांवाला. मग ती अरुंद जिन्याची माडी. मग कन्हैया हलवाई, त्याच्या इमरतीचा वास येतोय बघ. मग फूलचंद, त्याचा आंधळा बाप दारात बसून नाणं वाजवून खरं-खोटं सांगायचा. मग नीमचं झाड. झालं, टोक आलं."

दिनकररावांनी लिहून घेतलं. मग कागद पुन्हा एकदा वाचला. तोच सराफा त्यांच्याही पायाखालचा होता. ही सगळी दुकानं एकाच बाजूची होती. उजव्या.

"दुसऱ्या बाजूला कुणी नाही?" त्यांनी आवाज शक्य तितका सहज ठेवला.

"आहेत की. सांगितली ना सगळी."

"गुलाबचंद?"

"कोण गुलाबचंद?"

गुलाबचंदच्या दुकानात रघुनाथरावांच्या आईच्या पाटल्या घडल्या होत्या. त्याच्याच पायरीवर बसून ह्या दोघांनी लहानपणी कितीतरी दुपारी गोट्या खेळल्या होत्या. डोळे तर मिटलेले होते. खिडकी बंद होती. आत बसलेल्या माणसाचंच घर अर्धं झालं होतं.

मग त्यांच्या मनात एक विचार आला. का आला, त्यांनाही सांगता आलं नसतं. ते म्हणाले, "बरं. आता त्या टोकाला नीमखाली उभा राहा. मागे वळ. तोंड बाड्याकडे. आता परत चालत ये."

"दमवणार तू मला." पण रघुनाथरावांनी पुन्हा डोळे मिटले. "हं. वळलो. पहिली ती विहीर, लोखंडी जाळीची. मग जवाहरमल. मग अत्तरवाला, अब्दुल करीम. खसाच्या अत्तराची कुपी वास घ्यायला द्यायचा आपल्याला. मग किशोरीलाल. मग…" त्यांचा स्वर हळवा झाला. "मग गुलाबचंद. आईच्या पाटल्या त्यानंच घडवल्या. त्याच्या पायरीवर आपण गोट्या खेळायचो, आठवतं? तू रडीचा डाव खेळायचास. मग आलाच बाडा."

"आणि कन्हैया हलवाई?"

"त्याचं काय?"

"तो कुठं गेला?"

"कोण कन्हैया?" रघुनाथरावांनी डोळे उघडले आणि ते मित्राकडे नवलानं बघू लागले. "दिनू, तुला घाम का फुटलाय? थंडीचे दिवस आहेत."

दिनकरराव "जरा येतो" म्हणून उठले ते थेट रस्त्यावर. चपला घालायचंही भान राहिलं नाही. वाटेत एक टांगा थांबवला आणि सराफा गाठला. दुपारच्या गर्दीत एक अनवाणी प्रोफेसर कागद हातात धरून डावीकडची दुकानं बघतोय, उजवीकडची बघतोय, टोकाला जाऊन मागे वळतोय, हे बघून दुकानदार "आइए, पंडितजी" म्हणत होते. त्यांना ऐकूच येत नव्हतं.

दुकानं हरवलेली नव्हती. एकही नाही. मांजर, इमरती, अत्तर, पाटल्या, सगळं रघूच्या आत जसंच्या तसं होतं. हरवली होती ती बाजू. 'डावीकडे' म्हणून जे काही असतं तेच त्याच्या जगातून पुसलं गेलं होतं. वळला की तिथं नवी दुकानं उगवत आणि जुनी मावळत. आणि ह्यातलं काहीही त्याला खटकत नव्हतं. अर्ध्या गल्लीतून चालताना त्याचा चेहरा समाधानानं उजळला होता. भिंत कुठं संपते, पोकळी कुठं सुरू होते, अशी एखादी चीर तरी दिसावी? तीही नाही.

दिनकरराव नीमच्या झाडाखाली थांबले. एकोणीस वर्षं ते म्हणत आले होते, मनाला अंत नाही. मी आत कितीही लांब पाहिलं तरी मला कडा लागत नाही. पण रघूलाही कडा लागत नव्हती. अर्धं जग गेलं तरी लागत नव्हती. कडा दिसत नाही म्हणून आपण अनंत म्हणतो की काय? मग माझ्या ह्या अख्ख्या वाटणाऱ्या जगातून काय काय गेलेलं असेल? जन्मापासूनच नसेल? आणि ते मला कोण सांगणार?

त्यांनी झटकन डावीकडे मान फिरवली. तिथं एक गाय उभी होती. ती गाय दिसली म्हणून त्यांना इतकं बरं वाटलं, की स्वतःचीच लाज वाटली.

शनिवार त्यांनी तळमळत काढला. रविवारी नेहमीच्या वेळी ते ओसरीवर गेले. कुमुदिनी उंबऱ्याशी उभ्या राहिल्या.

"रघू," दिनकरराव म्हणाले, "भांडण आज नको. मला सल्ला हवाय, डॉक्टरचा. एका ओळखीच्या माणसाला झटका आला. बोलतो ठीक, शहाण्यासारखं बोलतो. पण ताटातलं डावीकडचं जेवत नाही. बायको डावीकडे बसली तर तिला हाका मारत सुटतो."

रघुनाथराव सावरून बसले. तीन आठवड्यांत कुणी त्यांना अशा अवघड रोग्याबद्दल विचारलं नव्हतं. डोळ्यांत जुनी चमक आली. "डोळे तपासले?"

"डोळे मिटवून विचारलं. ओळखीच्या रस्त्यावरून मनात चालायला लावलं. जाताना उजवीकडचीच घरं सांगतो. परत येतानाही उजवीकडचीच. म्हणजे मघाशी न सांगितलेली."

"थांब, थांब. पुन्हा सांग."

दिनकररावांनी पुन्हा सांगितलं. रघुनाथराव मग हळूच म्हणाले, "बाप रे."

"काय झालं असेल?"

"मेंदूच्या उजव्या अंगात, जरा मागे, कुठंतरी रक्त पोचलेलं नाही. उजवा मेंदू डावं अंग सांभाळतो, हे शाळकरी पोरही सांगेल. हात, पाय, ठीक आहे. पण नुसत्या आठवणीतल्या रस्त्याची डावी बाजू? विचारातली?" त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "दिनू, अशी केस मी जन्मात पाहिली नाही. त्या माणसाला कल्पना आहे?"

"नाही. सांगितलं तर हसतो."

"हसणारच. ज्यानं कळायचं, तेच गेलंय. तराजू मोडला तर तो मोडलाय हे काय त्याच तराजूत घालून बघणार? धंदा काय त्याचा?"

"डॉक्टर आहे."

"अरे देवा! मग आधी त्याचा दवाखाना बंद करा. असा माणूस एक बाजू तपासेल आणि रोग्याला घरी पाठवेल. कुणाचा तरी जीव घेईल तो."

"उद्या उघडणार आहे," दिनकरराव म्हणाले. खिशातला कागद काढून ते वाचू लागले, "चंपालाल. घासीराम मोत्यांवाला. कन्हैया हलवाई. फूलचंद…"

"…नीमचं झाड," रघुनाथराव सवयीनं म्हणाले. आणि थांबले.

उंबऱ्यावर कुमुदिनींनी चौकट घट्ट धरली. बाहेर रस्त्यावर एक भाजीवाली "ताजी मेथी" ओरडत गेली.

"हे तर शुक्रवारी मी सांगितलं होतं," रघुनाथराव म्हणाले.

"हो."

"मी सगळी सांगितली होती."

"नाही, रघू."

रघुनाथरावांचा चेहरा पांढरा पडला. पण ते ओरडले नाहीत, नाकारलंही नाही. बावीस वर्षं ज्या थंड आवाजात ते लोकांना वाईट बातम्या देत आले होते, त्याच आवाजात म्हणाले, "माझा डावा हात कुठं आहे?"

त्यांनी खाली पाहिलं. नजर उजव्या मांडीवर फिरली आणि परत आली. "मला वाटतं, आहे. नेहमीसारखा. पण दिसत नाही, आणि दिसत नाही असंही वाटत नाही. दिनू, तो उचल आणि माझ्या उजव्या हातात दे."

दिनकररावांनी तो सैल, उबदार हात उचलून त्यांच्या उजव्या तळव्यात ठेवला. रघुनाथरावांनी बोटं चाचपली. "हा तुझा आहे."

दिनकररावांनी आपले दोन्ही हात त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर धरले. "माझे हे."

"मग हा तिचा."

"मी इथं उभी आहे," कुमुदिनी म्हणाल्या.

रघुनाथरावांनी तो परका हात सोडला नाही. उजव्या हाताची बोटं हळूहळू त्या हातावरून वर चालली. मनगट. तिथं त्यांनी सवयीनं नाडी धरली, ठोके मोजले, आणि ओठ घट्ट मिटले. मग कोपर. मग दंड. दंडावरून खांदा. खांद्यावरून बोटं पुढं सरकली आणि मानेशी येऊन थांबली. स्वतःच्या मानेशी.

त्यांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला. थंड पाण्यात अचानक ढकललेल्या माणसाच्या तोंडून निघतो तसा. कुमुदिनी धावल्या. ह्या वेळी त्या उजवीकडूनच गेल्या.

बऱ्याच वेळानं दिनकरराव म्हणाले, "तू जिंकलास, रघू. एकोणीस वर्षं तूच बरोबर होतास."

"गप्प बस," रघुनाथराव म्हणाले. गालांवरून पाणी ओघळत होतं; डाव्या गालावर तीन दिवसांची दाढी तशीच. "मला अजूनही ते वाटत नाहीये. कळतंय तुला? ह्या क्षणीसुद्धा माझं जग मला पुरेपूर वाटतंय. हाताला हात जोडत मी मानेपर्यंत आलो म्हणून केवळ मला मानावं लागतंय. जे दिसत नाही, भासत नाही, ते आहे असं सिद्ध झालंय आणि मी ते नाकारू शकत नाही." त्यांनी श्वास घेतला. "तू ते तुझं अनंत असंच ओळखतोस ना रे? मोजत मोजत? मी तुला एवढी वर्षं हसलो."

"मग हे मानणारा कोण आहे, रघू? तोही मेंदूच?"

"मला माहीत नाही. खरंच माहीत नाही." आणि मग, अगदी बारीक आवाजात, "कुमुदिनी, मी तुला किती दिवस हाका मारत होतो?"

"फार नाही," त्या खोटं बोलल्या.

सोमवारी दवाखाना उघडला. उघडू नका म्हणून कुमुदिनींनी परोपरीनं सांगितलं. पण रघुनाथराव म्हणाले, माझे रोगी आहेत, मीच सांगणार. आठच्या सुमाराला टांग्यातून ते इंदरगंजला पोचले. दिनकररावांनी कॉलेजात रजेची चिठ्ठी धाडली होती. दवाखान्यासमोर पंधरा-वीस माणसं जमली होती. डॉक्टर बरे झाले म्हणून कुणी हार आणला होता, कुणी पेढे.

रघुनाथराव काठी टेकून पायरीवर उभे राहिले. मोठ्यानं, मराठीत एकदा आणि हिंदीत एकदा, म्हणाले, "मला अर्धंच दिसतं. आणि अर्धं दिसतंय हेसुद्धा मला कळत नाही. आजपासून मी कुणाला तपासणार नाही. मागच्या महिन्याभरात घरी येऊन ज्यांनी ज्यांनी दाखवलं, त्यांनी दुसरीकडे पुन्हा दाखवा. माझ्यावर विश्वास ठेवू नका."

हार आणणाऱ्यानं तो मागे लपवला. काही बायका पदरानं डोळे टिपत निघून गेल्या. हळूहळू पायरी रिकामी झाली. मागे उरला एकच माणूस, सूर्याजी. फौजेतला पेन्शनर, चौदा सालच्या मोठ्या लढाईत शिंदे सरकारच्या पलटणीबरोबर आफ्रिकेत गेला आणि डावा पाय मांडीपासून तिथंच ठेवून आला. कुबडी भिंतीला टेकवून तो बाकावर बसला होता.

"सूर्याजी, ऐकलंस ना? जा आता," रघुनाथराव म्हणाले.

"ऐकलं, डॉक्टरसाब. एक बात विचारू?" सूर्याजीचं मराठी छावणीतलं, हिंदीत बुडवून काढलेलं. "तुमचा हात आहे, पण तुम्हाला लागत नाही की आहे. हेच ना?"

"हेच."

"माझं उलटं आहे, साब. पाय नाही. पण आहे. बीस साल झाली. बोटं मुडपलेली वाटतात, सरळ करता येत नाहीत. अंगठ्याला खाज सुटते, रातभर. तुम्हाला पहिल्या साली सांगितलं होतं मी."

रघुनाथराव त्याच्याकडे बघत राहिले.

"सांगितलं होतंस," रघुनाथराव म्हणाले. "आणि मी तुला मलमाची डबी दिली. दर साली दिली. दारूसाठी ढोंग करतोय असं समजलो मी. तुझ्या तोंडावर नाही, पण कंपाउंडरला म्हणालो होतो."

"मालूम आहे, साब. ऐकलं होतं."

"मग येत का राहिलास?"

सूर्याजी ओशाळं हसला. "बायकोला सांगितलं तर ती रडते. दुसरा कोण होता ऐकायला?"

रघुनाथराव पायरी उतरले. दिनकररावांच्या खांद्याचा आधार घेत ते सूर्याजीसमोर स्टुलावर बसले. सूर्याजीचा डावा, नसलेला पाय त्यांच्या उजव्या हाताशी आला. तिथं बाकाखालची फरशी होती आणि तिच्यावर सकाळचं ऊन होतं.

"आज आहे खाज?"

"आहे, साब. अभी आहे."

"कुठं? नीट सांग. मी आज तपासत नाहीये, विचारतोय."

सूर्याजीनं बोट दाखवलं. रघुनाथरावांनी काठी बाजूला ठेवली, उजवा हात खाली नेला आणि त्या रिकाम्या उन्हात बोटांनी सावकाश खाजवलं.

"थोडं खाली, साब," सूर्याजी म्हणाला. "हां. अंगठ्याच्या आत. हां… तिथंच."

त्याचे डोळे मिटले. जबडा सैल पडला. वीस वर्षांत कुणी हात न लावलेल्या जागी कुणाचा तरी हात पोचला होता, आणि त्याच्या राकट चेहऱ्यावरून घळाघळा पाणी वाहू लागलं. दिनकररावांना तिथं उभं राहवेना आणि नजरही काढवेना. फरशी, ऊन, मित्राची पाच बोटं, एवढंच तिथं होतं. त्याखेरीज तिथं काय होतं, ते एकोणीस वर्षं भांडूनही त्यांना सांगता आलं नसतं.

रघुनाथराव त्यानंतर दीड वर्ष जगले. दवाखाना त्यांनी एका तरुण डॉक्टरला दिला. जेवताना दोन घास झाले की ते स्वतःच ताट अर्धं फिरवत आणि दर वेळी तिथं भाजी बघून दचकत. त्यांचं ते दचकणं शेवटपर्यंत गेलं नाही. सूर्याजी आठवड्यातून दोनदा येई. ते दोघं काय बोलत ते दिनकरराव एका वहीत उतरवून घेत. रघुनाथरावांची सक्त ताकीद होती, की जे घडलं तेवढंच लिहायचं, त्यावरून काय ठरतं ते लिहायचं नाही.

झटक्याच्याच वर्षी, ऑगस्टात कॉलेज उघडलं तेव्हा दिनकरराव नव्या वर्गावर गेले. दर वर्षीचं पहिलं व्याख्यान ठरलेलं होतं आणि ते तोंडपाठ होतं. पण त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं, मुलांना डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, "तुमच्या घरापासून इथपर्यंतचा रस्ता मनात चाला. आणि काय दिसलं नाही, ते मला सांगा."

मुलांनी डोळे मिटले. मग मागच्या बाकावरची सरोजिनी नावाची एक मुलगी डोळे न उघडताच म्हणाली, "सर, ते कसं कळणार?"

"हो ना," दिनकरराव म्हणाले, आणि खुर्चीत बसले.